सरांच्या आकड्यात पाच मिळवा

अब्राहाम उमाप सरांनी छत्तीस वर्षं मिशनच्या शाळेत गणित शिकवलं आणि त्या छत्तीस वर्षांत एकाही पोराला दहापैकी दहा दिले नाहीत. कुणाशी वैर नव्हतं, हात आखडता होता असंही नाही. तत्त्व होतं. दर शनिवारी दहा गुणांची चाचणी. सगळी गणितं बरोबर, उत्तराखाली दोन रेघा, समास सोडलेला, अक्षर छापल्यासारखं, तर सहा. फारच झालं आणि सर सकाळी पोटभर जेवून आलेले असले, तर साडेसहा. पालक भांडायला आले की सर त्यांना खुर्ची देत, माठातलं पाणी देत आणि शांतपणे विचारत, "दहा दिले म्हणजे काय होतं? पुढं जागा उरत नाही. जागा उरली नाही की माणूस संपला. तुमचा मुलगा संपावा असं वाटतं का तुम्हाला?" पालक पाणी पिऊन घरी जात.

सर निवृत्त झाले. नगरला उड्डाणपूल आला, जिल्ह्याच्या नावाच्या पाट्यासुद्धा बदलल्या. सरांची पट्टी तेवढी बदलली नाही.

घरात तर ती लग्नापासूनच होती. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, उपासनेहून आल्यावर, हन्नाबाईंनी मटण केलं. सरांनी बोटं चाटली, वाटी पुसून घेतली आणि म्हणाले, "साडेपाच." नवी नवरी आत जाऊन रडली. पुढच्या रविवारी तिनं मसाला जास्त परतला. "सहा." अशी एकेचाळीस वर्षं. सावेडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्याला दोऱ्यानं लाल पेन्सिल बांधलेली होती. दर रविवारच्या चौकटीत एक आकडा. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तपासायला दुसरं कुणी नव्हतं. साडेसहाच्या वर कॅलेंडर कधी गेलं नाही.

हन्नाबाई मुलींच्या वसतिगृहात मेट्रन होत्या. एकशेवीस मुलींत कुणाचं पोट खरं दुखतंय आणि कुणाचं गृहपाठामुळं, हे त्या दारातून ओळखत. पण एकेचाळीस वर्षं एका ताटात जेवलं की नवऱ्याची पट्टी बायकोच्या तोंडी बसतेच. एकदा पाळकसाहेबांनी देवळाच्या पायरीवर विचारलं, "हन्नाबाई, आजचा उपदेश कसा झाला?" बाई म्हणाल्या, "साडेपाच." पाळकसाहेब दोन रविवार त्यांच्याशी धड बोलले नाहीत. बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही, आपण एवढी स्तुती केली त्यात त्यांना लागलं काय.

तर अशा या सरांना खोकला लागला. आयुष्यात बिडी ओढली नव्हती. ओढलं असेल तर खडूचं पीठ. खोकला दोन महिने राहिला, मग फोटो निघाले, मोठे फोटो निघाले आणि उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक गाठ सापडली. नगरातल्या एका दवाखान्यात छातीचे सर्जन होते डॉ. कल्याण दहिफळे. सरांचाच विद्यार्थी, नववी ब. त्यानं फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाला, "सर, वरचा भाग काढून टाकू. वेळेवर सापडलंय. पूर्ण बरे व्हाल."

"तुला किती मिळायचे रे?" सरांनी विचारलं. भागच काढायचा, तर काढणाऱ्याचं प्रगतिपुस्तक बघायला नको?

"साडेसहा, सर. एकदाच. तो पेपर आईनं अजून ट्रंकेत ठेवलाय."

"मग काप," सर म्हणाले.

ऑपरेशन चांगलं झालं. बरगड्यांच्या मधून वाट काढून गाठीसकट तो भाग काढला. तपासणीत कळलं की गाठ वाईट होती, पण पसरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सर वॉर्डात आले. छातीतून एक नळी निघून कॉटखालच्या बाटलीत गेली होती. पाठीत दुसरी बारीक नळी, दुखणं मारायच्या औषधाची. आणि उशाशी पारदर्शक प्लास्टिकचं एक खेळणं. त्यात तीन कप्पे, तीन चेंडू. तोंडात नळी धरून श्वास आत ओढायचा, म्हणजे चेंडू वर जातात. तिन्ही चेंडू वर गेले की फुप्फुस उघडलं असं समजायचं.

शेजारच्या कॉटवर पाथर्डीकडचा गहिनीनाथ होता. ऊसतोडीचा गडी. उसानं भरलेल्या ट्रॉलीवरून पडून तीन बरगड्या मोडलेल्या, छातीतलं रक्त काढलेलं.

सकाळी सिस्टर सृष्टी कागद घेऊन आली. "दुखणं किती ते आकड्यात सांगायचं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होण्याच्या पलीकडं. गहिनीनाथ?"

"बारा."

"दहापर्यंतच आहे हो."

"मंग धा ल्ह्या, पन बारा हाय हे ध्यानात ठिवा."

गहिनीनाथला इंजेक्शन मिळालं. सृष्टी सरांकडं वळली. "सर, तुमचं?"

सरांनी डोळे मिटले. घाईनं मार्क देणं त्यांना जमत नसे. आत कुणीतरी कर्कटकाचं टोक बरगडीत रोवलं होतं आणि प्रत्येक श्वासाला एक पूर्ण वर्तुळ काढलं जात होतं. सरांनी त्या दुखण्याकडं निःपक्षपणे पाहिलं. दुखत होतं, यात वाद नव्हता. पण अजून नळी ओढून काढायची बाकी होती. त्याला काही मार्क ठेवायला हवेत. टाके काढायचे होते, त्यालाही ठेवायला हवेत. आणि जगात याहून वाईट काही नसेलच असं छातीठोकपणे कोण सांगणार?

"तीन," सर म्हणाले.

सृष्टी खूश झाली. "वा सर! दुसऱ्याच दिवशी तीन!" तिनं तीन लिहिले.

ती गेल्यावर गहिनीनाथनं मान वळवली. "गुरुजी, आकडा वाढवा की वाईच. आमी तीस वर्सं कारखान्याच्या काट्यावर बघतोय. वजन कमीच धरत्यात. म्हनून आपन आधीच दोन जास्ती सांगायचं."

"खोटं लिहायचं नाही, गहिनीनाथ."

"खोटं कुटं? दुखतंय की."

तिसऱ्या दिवशीही तीन. तिनाच्या माणसाला पाठीतल्या नळीची गरज नसते, म्हणून ती काढली. गोळ्या सुरू झाल्या. सर आता श्वास वरच्यावर घेऊ लागले, शेजाऱ्याकडून उसना घ्यावा तसा, थोडा आणि संकोचानं. खोकला आला की तो घशातच अडवून, वर्गात शिरण्यापूर्वी करतात तेवढा बेताचा आवाज काढत. तीन चेंडूंपैकी पहिला जागच्या जागी थरथरे. चौथ्या दिवशी ताप आला. बोटाला लावलेल्या चिमट्यातला आकडा घसरायला लागला. नवीन फोटोत उजवीकडं खालची बाजू पांढरी दिसली.

"कफ साठलाय, सर," कल्याण म्हणाला. "खोकायला पाहिजे. मोठा श्वास घ्यायला पाहिजे. नाहीतर केलेलं सगळं वाया जाईल. दुखतंय का फार?"

"साडेतीन."

हन्नाबाई स्टुलावर बसल्या होत्या. सरांच्या तोंडाकडं त्या बघतच नव्हत्या. एकेचाळीस वर्षांत त्या तोंडावर कधी काही लिहिलेलं सापडलं नव्हतं. त्या बघत होत्या पायांकडं. चादरीबाहेर सरांच्या पायांची बोटं मुठीसारखी आवळलेली होती.

"कल्याणा," बाई म्हणाल्या, "ह्यांच्या आकड्यात पाच मिळव."

"हन्ना, तू पेपरात ढवळाढवळ करू नकोस."

"तुमी गप बसा. मुतखड्याच्या वेळी घरात जमिनीवर लोळत हुते. न्यायला आलेल्या रिक्षावाल्यानं इचारलं, बाबा, किती दुखतंय? तर म्हनाले, चार. रिक्षावाला रडायला लागला हुता आन हे चार म्हनत हुते." घाबरल्या की बाईंचं बोलणं पार माहेरच्या वळणावर जाई. "मिळव तू पाच. मी सांगते."

कल्याणनं कपाळावर हात मारून घेतला. "मेट्रनबाई, मला नका सांगू. माझ्या त्या साडेसहाचे बोर्डात अठ्ठ्याण्णव झाले होते. तीन ऐकल्याबरोबर मला कळायला हवं होतं. चूक माझी आहे." आणि त्यानं फाईलच्या वरच्या बाजूला लाल अक्षरांत लिहिलं: रुग्ण सांगेल त्या आकड्यात ५ मिळवावेत. खाली सही केली. दवाखान्यात असल्या गोष्टी गंभीरपणे घेतात. सृष्टीनं तो शेरा प्रत्येक पाळीच्या सिस्टरला वाचून दाखवला.

साडेआठाचं औषध मिळाल्यावर सर तासाभरात झोपले. पायांची बोटं सुटली.

दुसऱ्या दिवशी हन्नाबाई घरून एक उशी घेऊन आल्या. वसतिगृहातल्या लाल चौकटीच्या जुन्या चादरीचा अभ्रा, आत घट्ट भरलेला कापूस. सरांनी उशी छातीशी कवटाळायची, बाईंनी मागून उभं राहून दोन्ही हातांनी बरगड्या आवळून धरायच्या, म्हणजे खोकताना टाके हलत नाहीत. "घ्या श्वास. अजून. आता खोका. लाजू नका, शाळा सुटली."

सर खोकले. डोळ्यांत पाणी आलं, पण कफ सुटला. गहिनीनाथनं पलीकडून दाद दिली, "हां! ह्यो खोकला बारा नंबरचा!" दिवसातून आठ वेळा हे चाले. दोन दिवसांत ताप उतरला. पहिला चेंडू वर गेला, मग दुसरा. नळी निघाली. अकराव्या दिवशी घरी जायचं ठरलं.

निघताना सृष्टी आणखी एक फॉर्म घेऊन आली. पंधरा प्रश्न, प्रत्येकाला दहापैकी गुण. श्वास सहज घेता येतो का, जेवण चवीनं जातं का, झोप लागते का, आपली आंघोळ स्वतः करता येते का, असे. बरं होणं किती चांगलं झालं हे यावरून मोजतात म्हणे. प्रश्नपत्रिका पाहून सर खुलले. ते तीन-चार असे आकडे सांगत गेले, सृष्टी पाच मिळवून लिहीत गेली.

"घरच्यांचा आधार मिळतो का?"

सरांनी डोळे मिटले. "साडेसहा."

बाईंनी पदर तोंडाला लावला. "अगबाई. साडेसहा! त्याला एवढं अकरा दिवस बाकावर निजावं लागतं व्हय?"

"यात पाच मिळवले तर साडेअकरा होतात," सृष्टी हसत म्हणाली. "फॉर्ममध्ये तेवढी जागा नाही. मी दहा लिहिते."

"ते फॉर्मनं दिले," सर म्हणाले. "माझे साडेसहाच."

कल्याण निरोप द्यायला आला. बाईंकडं बघून म्हणाला, "मेट्रनबाई, सगळ्यात जास्त तुम्हीच दमलात. दमणूक किती? दहापैकी सांगा."

"तीन," बाई म्हणाल्या.

सगळे हसले. कल्याण हसला, सृष्टी हसली, गहिनीनाथ बरगड्या धरून हसला. सरही हसले, आणि हसल्यानं दुखलं म्हणून बाईंनी झटकन उशी पुढं केली.

घरी बरं होण्याचं काम हळू चाललं. जखम वरून मिटली, पण छातीच्या उजव्या बाजूला एक पट्टा तसाच राहिला. बोटानं दाबलं तर काही कळत नसे आणि सदऱ्याचं कापड नुसतं घासलं तर आग होई. कल्याणनं सांगितलं होतं की शिरा दुखावलेल्या असतात, महिने लागतात. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. बाई त्यांना आंघोळ घालत, सदरा चढवत, वाफ देत. बादल्या उचलत. सकाळ-संध्याकाळ सोसायटीच्या फाटकापर्यंत धरून नेत. आणि दिवसातून चार वेळा ती उशी आणि ते चेंडू. दोन चेंडू वर जात, तिसरा तळाशी ढिम्म.

"तिसरा वर गेला की मी तुमाला सात देईन," बाई म्हणाल्या.

"सात नसतात. आणि तुझ्याकडं लाल पेन्सिल नाही."

"भिंतीवर हाय की. तुमच्या नाकासमोरून काढून घेईन."

चौथा आठवडा लागला. गुरुवारी सकाळी सर खोकत असताना बरगड्यांवरचा बाईंचा हात सुटला. खोकला तसाच छातीतून आरपार गेला. सर कळवळून वळले.

"काय झालं?"

"काही न्हाई. खांद्यांच्या मधी पाठीत धरलंय. इकडं जबड्यात बी जरासं वढल्यासारखं."

सर आता दुखण्याच्या बाबतीत जाणकार झाले होते. दवाखान्यात शिकलेली गोष्ट वापरायची संधी आली म्हणून त्यांना थोडं बरंही वाटलं. त्यांनी सृष्टीसारखी मान कलती केली. "शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होण्याच्या पलीकडं. किती?"

बाईंनी डोळे मिटले. विचार केला. हिशेब घाईनं देणाऱ्या त्याही नव्हत्या. "अडीच."

"अडीच!" सरांचा जीव भांड्यात पडला. "अडीचला कल्याण हसेल. बादल्या उचलतेस ना, त्याचं आहे." मग त्यांनी बामची बाटली शोधली आणि उजवा हात उठत नव्हता म्हणून डाव्या हातानं, वेडंवाकडं का होईना, तिच्या पाठीला चोळून दिलं. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. बाई म्हणाल्या, "साडेचार. हात उलटा फिरतोय तुमचा."

शुक्रवारी त्यांनी पुन्हा विचारलं. "आज?"

"तीन."

"वाढलं की."

"अर्ध्यानंच. तुमी चेंडू वढा."

शनिवारी सकाळी बाई स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेल्या. सर खाटेवर बसून नळी तोंडात धरून होते. पहिला गेला. दुसरा गेला. सरांनी उशी घट्ट धरली, श्वास अजून ओढला, बरगडीतलं कर्कटक फिरलं, फिरू दिलं, आणि तिसरा चेंडू हलला, उचलला गेला आणि टक्कन वर जाऊन लागला. तीन आकडे मोजेपर्यंत तिथं राहिला.

"हन्ना! तिसरा!"

आतून आवाज आला नाही.

"हन्ना, पेन्सिल घेऊन ये! सात दे म्हणे! बघू कशी देतेस!"

सर उठले. भिंत धरत, त्या खेळण्यासकट, स्वयंपाकघराच्या दारात गेले. गॅस बंद केलेला होता. चहा गाळलेला होता, दोन कप. हन्नाबाई भिंतीशी स्टुलावर बसल्या होत्या, डोकं कॅलेंडरला टेकलं होतं, आणि डोळे असे अर्धवट मिटलेले होते की एखाद्या अवघड गोष्टीला किती द्यावेत याचा विचार चाललाय. सरांनी दोनदा नाव घेतलं. मग खांद्याला हात लावला.

शेजारची रोहिणी धावत आली, तिनंच गाडी बोलावली. दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं आटोपलेलं होतं. हृदयाचा झटका, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

कल्याण हातातलं काम टाकून आला. सरांजवळ बाकावर बसला. मग त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "सर, आधी काही त्रास सांगत होत्या का?"

"हो," सर म्हणाले. "पाठीत, खांद्यांच्या मध्ये. जबड्यात. मी विचारलं होतं. परवा अडीच. काल तीन."

कल्याणनं मान डोलावली आणि मग ती डोलायची थांबली. त्यानं सरांकडं पाहिलं आणि लगेच दुसरीकडं पाहिलं. साडेसहाच्या विद्यार्थ्याला जे कळलं ते सरांना कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी मांडीवर डाव्या हाताची बोटं उघडली. छत्तीस वर्षं ज्यांनी पोरांना बोटं मोजली म्हणून बाकावर उभं केलं, ते सर बोटांवर मोजू लागले. अडीच आणि पाच. तीन आणि पाच. पहिलीतल्या पोराची बेरीज. पुन्हा मोजली. उत्तर तेच आलं.

एकेचाळीस वर्षं त्या घरात एकच पट्टी होती. हन्नाबाई दुसऱ्या कुठल्या पट्टीनं मोजणार होत्या?

"मी बामच लावला, कल्याण," सर म्हणाले.

"सर, मी पण हसलो होतो," कल्याण म्हणाला. "दमणूक तीन म्हणाल्या, तेव्हा. मी पण हसलो होतो."

दफन दुसऱ्या दिवशी झालं. पाळकसाहेबांनी चांगला उपदेश केला. लोक म्हणाले, अगदी मनापासून बोलले. सर पुढच्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर लाल चौकटीची उशी. गीत सुरू झाल्यावर त्यांना खोकला आला. त्यांनी उशी छातीशी धरली आणि सवयीनं पाठ जराशी मागं रेलली, मागचे हात येतील म्हणून. मग पुढं वाकून जमेल तेवढं खोकले.

ऑपरेशनला तीन महिने झाल्यावर फोन वाजला.

"सर, मी सृष्टी! ओळखलंत? लग्नाची रजा संपवून आले. आता मला फोनवर फॉर्म भरायचं काम दिलंय. तीन महिन्यांचा. पाचच मिनिटं."

"भरा."

"श्वास सहज घेता येतो?"

"पाच."

"म्हणजे दहा! शेरा आहे ना फाईलवर. तिसरा चेंडू?"

"जातो."

"मस्त. जेवण चवीनं जातं?"

"शून्य."

ती थांबली. "शून्यातही मिळवायचे का, सर?"

"नियम तुमच्याकडं लिहिलाय."

"मग पाच लिहिते. झोप?"

"शून्य."

"पाच." पेन चालल्याचा आवाज आला. कागदावर तरी सर मध्यम बरे होत चालले होते. "आता दुखणं. किती?"

सरांनी डोळे मिटले नाहीत. "दहा."

पलीकडं काहीतरी खाली पडलं. "सर? दहा? तुम्ही? टाक्याजवळ का? ताप आहे का?"

"टाके बरे आहेत. हातही वर जातो आता."

"मग कुठं… सर, यात पाच मिळवले तर पंधरा होतात. फॉर्ममध्ये जागा नाही." ती घाबरून हसली. "तुम्ही असं करा, बाईंना द्या फोन. त्या बरोबर सांगतील."

सरांची मान आपोआप स्वयंपाकघराकडं वळली. कॅलेंडरवर नऊ रविवार कोरे होते. पेन्सिल दोऱ्याला लोंबत होती.

"हन्ना नाही," सर म्हणाले. "दोन महिने झाले."

पलीकडून मुसमुसणं ऐकू आलं. "मला कुणी सांगितलंच नाही, सर."

"तुमचं लग्न होतं. मुद्दाम सांगितलं नसेल."

"राहू दे सर तो फॉर्म."

"नाही. पेपर अर्धा सोडायचा नसतो. दहा लिहा. त्यात काही मिळवू नका. तो पूर्ण आहे."

"लिहिले."

"पुढचा विचारा."

ती विचारेना. सरांना पंधराही प्रश्न क्रमानं पाठ होते. "घरच्यांचा आधार मिळतो का. तोच ना?"

"हो, सर."

"मागं मी साडेसहा दिले होते."

"इथं दहा आहेत, सर. आपण तेव्हाच दहा केले होते."

"ते तुम्ही केले. मी दिले नव्हते." छत्तीस वर्षांत एकदा दिलेले मार्क त्यांनी कधी बदलले नव्हते. फेरतपासणीचा अर्ज घेऊन आलेल्या पोरांना ते दारातूनच परत पाठवत. "अशा फॉर्मला फेरतपासणी असते का हो?"

"ह्या वेळी काय लिहू, सर? दहा लिहू?"

सरांनी आता डोळे मिटले. दहा तोंडाशी आले होते. पण दहा दिले म्हणजे पुढं जागा उरत नाही.

"कोरा ठेवा," ते म्हणाले. "तो पेपर अजून माझ्याकडंच आहे. तपासून व्हायचाय."